नालीवरचा चढ

अमरावतीत आमच्या कॉलनीच्या वळणावर एक गृहस्थ राहतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सकाळी दूध आणायला निघालो, की ते बनियनवर पोर्चमधल्या जुन्या लाल गाडीच्या इंजिनात वाकलेले दिसायचे. त्यांच्या तरुणपणी ही गाडी शर्यतीत पळायची म्हणे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून, मूठ कानाला लावून ते डोळे मिटायचे. मग मला हाक यायची. ‘‘भाऊ, आयका बरं, कशी वाजून रायली?’’ मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी ‘‘मस्त’’ म्हणायचो.

तीन वर्षांनी गाडी तयार झाली. घाटातल्या वळणांवर रस्त्याला चिकटून पळावी म्हणून त्यांनी ती चांगली दोन इंच खाली बसवली होती. चिखलदऱ्याला जायचं ठरलं. नारळ फुटला, त्यांच्या मिसेस डबा घेऊन पुढं बसल्या आणि फाटकातच, नालीवरच्या चढावर गाडीचं पोट टेकलं. आम्ही शेजाऱ्यांनी ढकलूनही ती हलेना.

‘‘मोजलं नोयतं का तुमी?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘गाडी मोजली. नाली मोजाची रायली.’’

वहिनींनी तिथंच डबा उघडला. मी हळहळलो, तर ते पुरी चावत म्हणाले, ‘‘बरंच झालं, भाऊ. निघाली असती, त उद्या सकायी मी काय केलं असतं?’’

वहिनींना हे आधीच ठाऊक असावं. दोघांच्या सहलीचा तो डबा आम्हा आठ जणांना पुरून उरला.