दौलतनं सोडलेली ओळ

दौलत गेल्याची बातमी धाडहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं मलकापूरच्या स्टँडवर सांगितली. "मास्तर, तुमचा गानारा दोस्त गेला." त्या दिवसाला आता महिना झाला. गाणारा तो एकटाच, हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलेलं! आमची चांगली पाच जणांची गायन पार्टी होती. दौलत पुढे उभा राहून गायचा. पेटी, ढोलकी, खंजिरी मागे, आणि त्यानं ओळ सोडली की ती उचलून झील धरायची, हे काम माझं. झील धरणाऱ्याकडे कोणी बघत नाही, पण तो चुकला तर सगळं गाणं तोंडावर आपटतं. भीमजयंतीच्या दिवसांत पार सुलतानपूरपर्यंत आमचे कार्यक्रम व्हायचे. दौलत मागे न बघता ओळ सोडायचा, इतका त्याचा भरवसा.

मग मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीनं त्याला बोलावलं. एकट्यालाच. वाजवणारे त्यांचे होते, झील धरायला बायका होत्या. "जाऊ काय बे?" त्यानं मला विचारलं. "जाय ना, तुले कोन धरून ठेवलं?" मी म्हणालो खरा, पण आतून जळफळत होतो, आणि त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही. पार्टी मोडली. पहिली रेकॉर्ड आली ती अगदी गुळगुळीत. गळा दौलतचाच, पण न्हाव्याकडून नुकता उठून आल्यासारखा. पुढच्या साली दुसरी आली. तिच्यात बायकाही नव्हत्या, नुसता दौलत.

ती मी पहिल्यांदा ऐकली धाडच्या बाजारात. शेजारी लग्नाचा मांडव होता, तिथल्या भोंग्यावर लावली होती. शेवटच्या कडव्यात पेटी-ढोलकी चालूच, आणि दौलत एकदम गप्प! लोक म्हणाले, सुई अडकली. मला मात्र कळलं. हातात वांग्यांची पिशवी घेऊन, भर बाजारात मी माझी ओळ गायली... आणि भोंग्यातून दौलतनं पुढची उचलली. तो मुंबईहून गावी परतला होता, तसाच त्याच्या घरी गेलो. "काऊन थांबला बे तिथं?"

"सवय," एवढंच म्हणाला आणि चहा ठेवायला सांगितला.

त्यानंतर मी गेलो की तो फोनोला चावी देऊन ती रेकॉर्ड लावायचा, रेकॉर्डवर तो थांबायचा तिथं मी गायचो, आणि दोघं हसायचो. पण माझ्या मनातलं गेलं नाही. नुसत्या सवयीनं थांबला असेल, तर त्यात मी कुठं होतो?

दौलतच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, त्याच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, तीच रेकॉर्ड लावली. शेवटचं कडवं आलं, दौलत थांबला. माझा आवाजच फुटेना. माझ्यासमोर ती जागा पहिल्यांदाच रिकामी गेली. गाणं संपल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊ, रेकॉर्ड कंपनीच्या सायबानं ह्यायले ती जागा पुन्हा गायले सांगतलं होतं. हे नाहीच म्हणले. म्हणे, राहू द्या, तिथं माह्या दोस्ताची ओळ हाये."

सवय म्हणे! लबाड कुठला. इतकी वर्षं मला तंगवत ठेवलं.

फोनो वहिनींनी माझ्याकडे दिला आहे. शाळेतून आलो की चावी देतो. शेवटचं कडवं येतं, आणि दौलत माझ्यासाठी ओळ सोडतो... मागे न बघता.