टिचकीकाकांची सहा ताटं

कारखान्याच्या कँटीनमध्ये दुपारी चारशे माणसं जेवतात आणि त्यांची चारशे ताटं मागच्या धुण्याच्या खोलीत येतात. त्या खोलीत सत्तावीस वर्षं एकाच माणसाचं राज्य आहे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर सापडेल, पण हाक मारायला सगळ्यांना टिचकीकाकाच. धुतलेलं ताट चळतीत ठेवण्याआधी ते काठावर नखाने टिचकी मारतात आणि कान देऊन ऐकतात. टण्ण वाजलं तर ताट पास. बद्द वाजलं, तर डोळ्यांना न दिसणारा तडा आत गेलेला आहे, ते ताट बाजूला. कामावर नवीन लागलेले लोक आधी तोंड लपवून हसतात आणि महिन्याभरात स्वतःच टिचक्या मारायला लागतात.

असा हा ताटांचा जाणकार स्वतःच्या घरी मात्र पोचे पडलेल्या स्टीलच्या ताटात जेवत होता. कारण घरातला चांगला सेट शोकेसमध्ये होता. काकूंना लग्नात त्यांच्या आत्याने दिलेला, गुलाबी फुलांचा, सोनेरी काठाचा. "हा पाहुण्यांसाठी," असं काकूंनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, आणि पुढच्या सव्वीस वर्षांत त्या सेटच्या तोलामोलाचा पाहुणा काही उंबरठा ओलांडून आला नाही. काकांचे साहेब एकदा आले, पण नुसता चहा पिऊन गेले. जाऊबाई चार दिवस राहिल्या, पण त्या पडल्या घरच्या. काकूंचा भाऊ आला, तर त्याच्याबरोबर दोन दांडगी मुलं होती. शोकेसला हात लावायला काकांनासुद्धा बंदी होती. चारशे ताटं रोज हाताळणाऱ्या माणसाला घरची सहा ताटं कधी विसळायलाही मिळाली नाहीत. हे दुःख त्यांनी हसत हसत गिळलं होतं, पण गिळावं लागलं होतंच.

मग मुलीचं लग्न झालं. नव्या घरात सामान लावता लावता ती म्हणाली, "बाबा, ताटं तुम्हीच आणा. त्यातलं तुमच्याइतकं कोणाला कळतंय?"

काकांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं की आपल्या पोरीने या ताटांत रोज जेवायचं. उठून दिसणारी ताटं आणायचीच नाहीत. शोकेसमध्ये ठेवायचा मोहच होऊ नये, अशी आणायची.

दुकानात काकू सरळ सोनेरी काठाच्या सेटपाशी जाऊन उभ्या राहिल्या. काका दुसऱ्या टोकाला. दुकानदाराने एकेक ताट पुढे करावं आणि काकांनी ते उलटं करावं.

"अहो, सरळ बाजू बघा की. खालून कोण जेवणार आहे?" काकू म्हणाल्या.

"खालची कड खरखरीत असली, की चळतीत खालच्या ताटावर ओरखडे उठतात," काका म्हणाले. "आणि हे फूल बघ. बोटाला लागतंय. म्हणजे वरून काढलंय. वर्षभरात घासलं जाणार."

असं करत त्यांनी अकरा ताटं नापास केली. एक फार जड, पोरीचं मनगट दुखेल. एक इतकं सपाट, की पातळ भाजी वाढली तर मांडीवर येईल. दुकानदार घामाघूम झाला. शेवटी त्याने अगदी मागून, धूळ झटकत, दुधी पांढरं ताट काढलं. किंचित खोलगट, काठ जाडसर, काठाला एकच निळी रेघ आणि तीही झिलईच्या आत. काकांनी टिचकी मारली. ताट असं वाजलं, की रस्त्यावर चाललेल्या एका बाईने मान वळवून पाहिलं.

"एखादं फुटलं तर पुढे सुटं मिळेल?" काकांनी विचारलं.

"ही फुटत नाहीत हो," दुकानदार कुरकुरला. "माणसं परत येतच नाहीत. म्हणून तर मागे ठेवली होती."

"किती साधी आहेत," काकू नाक मुरडून म्हणाल्या.

"म्हणूनच," काका म्हणाले, आणि सहा ताटं, सहा वाडगे बांधून घेतले.

दोन महिन्यांनी एका रविवारी दोघं लेकीकडे जेवायला गेले. काका रस्ताभर खुशीत होते. दार उघडलं, चपला काढल्या, आणि समोर काय दिसावं? भिंतीला नवीकोरी काचेची शोकेस आणि तिच्यात आपली सहा ताटं रांगेत उभी. शेजारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर हिरव्या प्लास्टिकच्या ताटल्या वाळत होत्या.

"तुम्ही आणलेली म्हणून जपून ठेवलीत, बाबा," मुलगी कौतुकाने म्हणाली. "टवका उडाला तर जीव जाईल माझा. आज मात्र काढणार. तुम्ही दोघं आमचे पहिले पाहुणे ना."

काकू समाधानाने हसल्या. काका मटकन खाली बसले. सव्वीस वर्षं ज्या पाहुण्याची वाट पाहिली, तो शेवटी सापडला होता आणि नेमके ते स्वतःच होते. जेवणं झाली, की ताटं पुसून परत काचेआड जाणार आणि पोरगी रात्री प्लास्टिकमध्ये जेवणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"मी विसळून आणतो," असं म्हणत ते ताटं घेऊन आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

काकांचा हिशोब सरळ होता. सेट अखंड आहे तोवर तो काचेआड राहणार. त्यातलं एक जरी मोडलं, तर उरलेली पाच निमूटपणे वापरात येतील. ताट कशाने मोडतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? नळावर आपटून. सत्तावीस वर्षं त्यांनी लोकांना नळापासून लांब राहायला बजावलं होतं. आता त्यांनी स्वतः एक ताट उचललं, मनातल्या मनात त्याची माफी मागितली, आणि काठ नळावर हाणला.

टण्ण. काहीच झालं नाही.

पुन्हा हाणला. साधा टवकासुद्धा नाही. काकांना राग यावा की अभिमान वाटावा, तेच कळेना. तिसऱ्यांदा त्यांनी दातओठ खाऊन हात उचलला. यावेळी मात्र मोडलं. नळाची तोटी उडून मोरीत पडली आणि पाण्याचा फवारा थेट छताला लागला.

सगळे धावत आले. जावयाने ओट्याखाली घुसून पाणी बंद केलं, तोवर तो नखशिखांत भिजला होता. काका मधोमध निथळत उभे, हातात ताट. अख्खं.

"बाबा, काय करत होता तुम्ही?"

काकांना खोटं बोलता येत नाही. "फोडत होतो," ते म्हणाले. "एक फुटलं असतं तर बाकीची तू वापरली असतीस. तू रोज यात जेवावंस, बाळा. पाहुणे आल्यावर नाही. रोज. त्यासाठीच आणली मी."

मग ओट्याखालून जावयाला खो खो हसू फुटलं. मुलगी हसता हसता डोळे पुसायला लागली. तिने त्या हिरव्या ताटल्या उचलल्या, खिडकीतल्या कुंड्यांखाली एकेक सरकवल्या, आणि म्हणाली, "झालं. आता दुसरं काही उरलंच नाही जेवायला."

सगळे ओल्या कपड्यांनीच जेवायला बसले. काका दोनदा भात मागून जेवले.

काकू मात्र गप्प होत्या. परत येतानाही गप्पच. आपण नको ते बोलून बसलो, बायकोचं मन दुखावलं, असं काकांना वाटत राहिलं. घरी पोचल्यावर काकूंनी दिवा लावला, रात्रीचा भात टाकला, स्टूल ओढलं आणि शोकेस उघडली. गुलाबी फुलांची दोन ताटं काढून त्यांनी ओट्यावर ठेवली.

"कोण येणार आहे?" काकांनी घाबरत विचारलं.

"कोणी नाही. विसळा."

काकांनी पहिलं ताट हातात घेतलं. पिसासारखं हलकं होतं. हाताला सवय, म्हणून आपसूक टिचकी मारली गेली.

बद्द.

त्यांनी घाईघाईने नळ सोडला. "छान आहे," ते म्हणाले.

"तुमच्याबरोबर सव्वीस वर्षं राहिलेय," काकू म्हणाल्या. "मलाही ऐकू येतं." त्यांनी ताट हातातून घेतलं, दिव्याकडे धरलं. केसासारखा तडा या काठापासून त्या काठापर्यंत गेलेला. "आत्याने दिलं तेव्हापासूनच असेल का हो?"

"असेल. तडा काही जपल्याने जात नाही."

काकू आधी ओठ दाबून हसल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. त्यांनी ते तडा गेलेलं ताट पुसलं, त्यात काकांना गरम भात वाढला आणि समोर ठेवला.

"सांभाळून जेवा," त्या म्हणाल्या. "आणि हे फुटलं, की उद्या दुसरं काढू."