चुळबुळीसाठी दुसरा शब्द

घरातल्या माणसाला चिडका म्हणण्याआधी, त्याला कोणी अडवून धरलंय का, हे तुम्ही विचारता? मी विचारलं नव्हतं.

काल पत्रकं चिकटवायला कणकेची खळ शिजवली आणि त्या कोमट, कच्चट वासासरशी रांझी वस्तीतली आमची लहानपणची खोली आठवली. बाबा कामाला होते त्या वर्कशॉपच्या मालकाने त्यांना गेटवर कामगारांची पत्रकं वाटायला मनाई केली होती, म्हणून ते ती भिंतींवर चिकटवणार होते. खळ ढवळताना त्यांचा पाय सारखा हलत होता. आईवर दोनदा खेकसले.

मी सातवीत होते. नवा इंग्रजी शब्द मिरवत म्हणाले, "बाबा, तुम्ही फिजेटी होऊन राहिले."

"म्हणजे काय?"

"उगाच चुळबुळ करणारा."

"उगाच? अच्छा!" ते हसले. "दुसरा शब्द पाहा ना, बेटा. नाहीतर चल माझ्यासंगं, भिंतीवर लावू."

"मला अभ्यास आहे," म्हणून मी डिक्शनरी मिटली. ते एकटेच सायकलवर गेले.

तो दुसरा शब्द मला फार उशिरा सापडला. रेस्टिव्ह, म्हणजे लगाम खेचल्यामुळे बिथरलेला. काल भिंतीपुढे मी तो मोठ्याने म्हटला, पण हसून 'अच्छा' म्हणायला बाबा आता नाहीत.

तुमच्या घरी आज कुणाचा पाय असा हलत असेल, तर त्याच्यासोबत बाहेर पडा. खळीचं भांडं तुम्ही धरा.