अंगणात पडलेला दगड आणि दत्ताभाऊंची शपथ

आधीच सांगून टाकतो – भूत, करणी, अंगात येणं, असल्या कशावरही माझा विश्वास नाही. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर गिअरचे दात मोजतो. दोन-चार मायक्रॉन इकडचे तिकडे झाले तरी लाल टॅग लावून माल बाजूला काढणारा माणूस. गावाकडे कुणी सांगायला लागलं की अमक्याला चिंचेखाली बाई दिसली, तर मी विचारायचो, किती फुटांवरून? गावात माझं नावच ‘शहाणा’ पडलं होतं. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण इथे ग्रुपवर मागे एका ताईंनी त्यांचा अनुभव सांगितला आणि कुणी त्यांची टर उडवली नाही, म्हणून धीर केला.

आम्ही मूळचे परभणीकडचे. चाकण-तळेगाव रस्त्यावरून आत गेलं की एक वाडी लागते, नाव देत नाही. तिथे एका गाववाल्याच्या प्लॉटवर पत्र्याच्या बारा खोल्या आहेत, मध्ये कोबा केलेलं अंगण. बाराही घरं कंपनीत राबणारी. माझ्या शेजारच्या खोलीत दत्ताभाऊ. आमच्याच गावचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. मला इकडे आणलं त्यांनी, पहिली नोकरी लावली त्यांनी, लग्नात मामा नव्हता तर माझ्या मागे उभे राहिले तेही तेच. सख्खा भाऊ काय करेल, एवढं त्या माणसाने केलं. हे आधी सांगतोय कारण पुढे मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणार आहे.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गुरुवार होता. आमच्या भागात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे सगळे घरी. सकाळीच पाण्याचा टँकर येऊन गेला होता आणि निळे ड्रम भरलेले होते. टँकर दोन दिवसांतून एकदा यायचा, त्यामुळे भरलेला ड्रम म्हणजे आमच्याकडे तिजोरीच.

पावणेअकरा वाजले असतील. मी बॅग भरत होतो. आमचा काही माल नाशिकच्या कस्टमरकडे रिजेक्ट झाला होता आणि तो तिथे बसून निवडायला मला पाठवत होते – तीन दिवस. माझी मुलगी ईशू, पाच वर्षांची, अंगणात खडूने चित्र काढत बसलेली. तेवढ्यात वरून धडाम् असा आवाज झाला. पत्रे थरथरले. मला वाटलं, कुठल्यातरी कंपनीचा बॉयलर गेला! सगळे बाहेर आले. मग शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला, वाढत वाढत... दत्ताभाऊ दारात दाढी करत होते. त्यांनी एकदा वर बघितलं आणि तोंडाला फेस तसाच ठेवून धावले. ईशूला खांद्याला धरून असं काही ढकललं की ती चार हात लांब जाऊन गुडघ्यावर पडली. आणि ती जिथे बसली होती तिथे, त्याच चित्रावर, काहीतरी आदळलं. कोब्याचे तुकडे भिंतीपर्यंत उडाले.

मी हे दारातून बघितलंय. सहा फुटांवरून.

मला रडू आवरेना. मी सरळ दत्ताभाऊंच्या पाया पडलो. ते म्हणाले, “येड्या, पाया काय पडायलास? माझं लेकरू नाही का ते?”

खड्ड्यात बटाट्याएवढा काळा दगड होता. वरून जळल्यासारखा, एका बाजूने तुटलेला, आत लोखंडी चमक. आता गंमत बघा. आम्ही बाराच्या बारा घरं कारखान्यातली माणसं. आकाशातून काही पडलं तर ते उल्का असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! सगळ्यांचं एकमत – पलीकडच्या फोर्जिंगवाल्यांचा जॉब, म्हणजे ठोकायचा लोखंडी तुकडा, उडाला. आणि दत्ताभाऊ हीट ट्रीटमेंटला. भट्टीतून लालभडक जॉब काढायचा आणि तेलात नाहीतर पाण्यात बुडवायचा, वीस वर्षं हेच काम. त्यांचा हात आपोआपच चालला. “तापलेलं असंल, लेकरं हात लावतील,” म्हणत त्यांनी तो दगड फावड्यावर घेतला आणि जवळच्या भरल्या ड्रममध्ये सोडला.

“अहो, प्यायचं पाणी हाय ते!” वहिनी ओरडल्या. तोवर झालं होतं.

चर्रर्र वगैरे काही झालं नाही. उलटंच झालं. दोन-तीन मिनिटांत ड्रमला बाहेरून दव धरलं. एप्रिलचं ऊन, पत्रे तापलेले, आणि दोनशे लिटरच्या प्लास्टिकच्या ड्रमवर पाण्याचे थेंब! कुणीतरी तांब्या घालून चाखलं. “अरे, फ्रीजसारखं गार आहे!” झालं. वास नाही, रंग नाही, आणि टँकरचं पाणी ओतून कोण देणार? फडक्यातून गाळून बाटल्या भरायला सुरुवात. बायका, पोरं, सगळे प्यायले. ईशू माझ्यासाठी पेला घेऊन आली. माझं रूट कॅनाल चालू होतं, गार पाणी लागलं की मस्तकात कळ जायची, म्हणून मी घेतलं नाही. मी ड्रमचा एक फोटो काढला, तेवढ्यात कंपनीची गाडी आली आणि मी निघालो.

संध्याकाळी नाशिकहून फोन केला तर माझी बायको, मनीषा, उत्साहात बोलत होती. फोर्जिंगवाल्यांनी कानावर हात ठेवले, आता सगळे म्हणतात उल्का आहे, पेपरवाले येतील का हो? शुक्रवारी तिने स्वतःहून विषयच काढला नाही. शनिवारी मी विचारलं, “दगडाचं काय झालं?” ती म्हणाली, “कसला दगड?” मला वाटलं चिडवतेय.

रविवारी दुपारी घरी आलो. अंगणात खड्डा नव्हता. त्या जागी नव्या सिमेंटचं ओलं ठिगळ होतं. ड्रम धुऊन पालथा घातलेला. दगड कुठेच नाही. मी मनीषाला पुन्हा पुन्हा विचारलं, ती आधी हसली, मग चिडली आणि शेवटी घाबरली. “तुम्हाला ताप आहे का?” म्हणून कपाळाला हात लावला. ईशूच्या गुडघ्यावर खपली होती. मी म्हटलं, “दत्ताकाकांनी ढकललं तेव्हा लागलं ना गं?” ती म्हणाली, “नाही, मी सायकलवरून पडले.”

बाकीची अकरा घरं फिरलो. अकराही घरी एकच उत्तर. घरमालक म्हणाले, “न्हाई बा, आमी काय बी पाहिलं न्हाई. पाईप बदलायला फोडलं हुतं, म्या सवताच शिमिट लावलं.”

आता माझ्यासारखा माणूस काय समजणार? मी समजलो की यांनी आपसात ठरवलंय. मालकाचा तो प्लॉट एका गोडाऊनवाल्याला द्यायचं चाललं होतं. सरकारी माणसं आली, पंचनामे झाले, तर त्यात खोडा. त्याने भाडेकरूंना दम दिला असणार, ‘तोंड उघडलं तर खोली खाली करा’. ठीक आहे, गरीब माणसं, समजू शकतो. पण मला आधी सांगायचं ना! माझ्या बायकोने मला वेड्यात काढावं? आणि दत्ताभाऊंनी? केसाने गळा कापला म्हणतात ना, अगदी तसं वाटलं.

मीही हट्टाला पेटलो. पिंपरीत एका ओळखीच्या कॉलेजच्या सरांना गाठलं, ते भूशास्त्र शिकवतात. ते म्हणाले, जमिनीवर पोचलेल्या उल्केला अशनी म्हणतात, आणि पडलेला अशनी बरेचदा गरम नसतोच, आतून थंड असतो. मी विचारलं, पण दोनशे लिटर पाणी गार करेल इतका? ते हसले, “शक्य नाही.” तरी पुढच्या गुरुवारी भिंग आणि लोहचुंबक घेऊन बिचारे उन्हातान्हाचे आले. सगळ्यांनी त्यांना चहा दिला आणि सगळ्यांनी सांगितलं की इथे काही पडलेलं नाही. माझा फोटो बघितला – निळा ड्रम, त्यावर थेंब. दगड पाण्याच्या तळाशी, तो कुठून दिसणार? सर जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “थोडी विश्रांती घ्या.” हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

सर गेले आणि माझा तोल सुटला. भर अंगणात मी दत्ताभाऊंची कॉलर धरली. ज्यांच्या पाया पडलो होतो, त्यांची. “दत्ताभाऊ, बाकीच्यांचं जाऊ द्या. तुम्ही माझी पोर वाचवलीत. एवढं तरी कबूल करा!”

“मला काय म्हणायलास, संतोष? मी कशाला खोटं बोलू?” त्यांचे डोळे भरले होते.

“मग घ्या शपथ.”

त्यांनी ईशूला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “ह्या लेकराची शपथ. इथं काही पडलं नाही, अन् मी हिला ढकललं नाही.”

ज्या डोक्यावर तो दगड पडणार होता, त्याच डोक्यावर हात ठेवून! शपथ मागायला नको होती, हे त्याच क्षणी कळलं. पण त्यांनी घ्यायला नको होती. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पावसाळ्यात ईशू तापली. चार दिवस ताप हटेना. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, पण माझ्या डोक्यात एकच... खोटी शपथ. मी, चिंचेखालच्या बाईचे फूट विचारणारा! पाचव्या दिवशी दुपारी न राहवून शेजारच्या दारात गेलो. दत्ताभाऊ जेवत होते. मी उंबऱ्यातच बसलो. “भाऊ, माझी काही तक्रार नाही. फक्त शपथ मागे घ्या. खोटं बोललो म्हणा. पोर तापाने फणफणलीय.”

ते ताटावरून तसेच उठले. उष्ट्या हाताने आमच्या खोलीत आले, ईशूच्या उशाशी बसले. डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. “बाई, मी खोटं बोललो. पडलं होतं. मीच ढकललं तुला.” असं तीनदा म्हणाले. मग माझ्याकडे वळले, आणि ते रडत होते. “तू म्हणलास म्हणून म्हणलो, संतोष. लेकरू बरं होऊ दे. पण खरंच काही पडलं नव्हतं रे.”

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर म्हणतात, उतरणारच होता.

मी खूप विचार केला. सगळे मिळून खोटं बोलत असतील, असं धरलं तर पाच वर्षांची पोर इतकं सफाईने खोटं बोलेल का? आणि मनीषाचा तो पहिल्या संध्याकाळचा फोन? पाण्यामुळे सगळे विसरले म्हणावं, तर असं पाणी असतं कुठे? आणि बाकी सगळं आठवतं, फक्त तेवढंच नाही? दगड गेला कुठे? भास मला झाला असेल, हेही धरून बघितलं, पण मग फोटोत ड्रमवर थेंब कुठून आले? इथे कुणाला काही कळत असेल तर जरूर लिहा, मला मात्र आजवर काही उलगडलेलं नाही.

मनीषा आता हा विषय काढू देत नाही. दत्ताभाऊंनी कासारवाडीला खोली घेतली, सामान हलवताना मी आतच बसून राहिलो. रागाने की लाजेने, मलाही सांगता येत नाही. माझी पोर आज शाळेत जाते ती त्या माणसामुळे, हे आता जगात मला एकट्यालाच ठाऊक आहे. आणि त्यांच्याशीच मी बोलत नाही.