नवीन ऑइल गोठ्याला, जळकं ऑइल गाडीला

सोमवारी सकाळी साडेसहाला आमच्या अंगणात जे झालं, त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही… म्हणून लिहून टाकतो.

आमचं गाव वैशाखऱ्याच्या अलीकडे, मुरबाड-माळशेज रस्त्याला लागून. थंडीत सकाळी समोरचा डोंगर दिसत नाही, नुसतं धुकं. मला शाळेतल्या कविता अजून पाठ आहेत… त्यांत धुकं आहे, दव आहे, शेकोटी आहे. पण मोटारीच्या इंजिनालाही थंडी वाजते, हे मला कुठल्याच कवितेने शिकवलं नव्हतं.

माझी गाडी बावीस वर्षांची. दोन लाख किलोमीटर कधीच मागे पडले. डिसेंबर लागला की सकाळी स्टार्ट करताना टक-टक-टक असा आवाज करते, आणि माझ्या छातीतही तेच सुरू होतं…

मी आयुष्यभर जाड ऑइल टाकत आलो. जुनं इंजिन, झिजलेलं, त्याला जाडच हवं अशी माझी पक्की समजूत. मुरबाडच्या दिनेश मेकॅनिकने ती मोडली. "काका, डब्यावर दोन आकडे असतात. पहिला थंडीतला, दुसरा इंजिन तापल्यावरचा. तुमचं जाड ऑइल सकाळी वर चढायलाच वेळ घेतं, तोवर आतलं लोखंड कोरडं घासतं. पण एकदम पाण्यासारखंही नको, जुन्या सीलमधून गळेल. आपण टेन-डब्ल्यू-फोर्टी टाकू, जास्त चाललेल्या गाड्यांसाठीचं." मी इतकी वर्षं त्या डब्ल्यूला वजन समजत होतो… तो विंटरचा निघाला!

घाई होती, कारण सोमवारी खर्डीला पोचायचं होतं. हिच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, हृदयाचं ऑपरेशन. साडेदहाला तिला नाशिकला घेऊन निघणार होते आणि त्याआधी हिला तिला भेटायचं होतं. हिचे गुडघे असे की एसटीची पायरी चढवत नाही. ही गाडी आहे म्हणून बहिणी भेटतात.

रविवारी संध्याकाळी दिनेश घरी येऊन जुनं ऑइल काढून गेला. अर्धा तास निथळलं की पुरे, म्हणत होता. मी ऐकलं नाही… जुना एक थेंबही राहायला नको, रात्रभर निथळू दे, सकाळी इंजिनाखालचा बोल्ट मी आवळतो आणि नवीन मीच ओततो. रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म गेला, पाना काय मला नवा आहे?

आमच्याकडे गाडीचं जळकं ऑइल कोणी फेकत नाही. गोठ्याच्या खांबांना लावलं की वाळवी लागत नाही. माझ्या गाडीचं ऑइल दरवर्षी शेजारच्या बबनचं ठरलेलं. दिनेशने ते गेल्या वर्षीच्या रिकाम्या डब्यात भरून ओटीवर ठेवलं. शेजारी नवीन डबा. दोन्ही पिवळे, दोन्ही एकाच कंपनीचे. आणि मी शहाण्याने नव्याचं सील उघडून ठेवलेलं… का, तर रंग बघायला. मधासारखा होता हो!

सकाळी उठलो तेव्हा बबन अंधारातच आपला डबा घेऊन गेलेला, ओटीवर एकच उरला होता. बोल्ट आवळला, नरसाळं लावलं, डबा वाकवला. आणि काळीकुट्ट धार…

मी डबा सरळ केला आणि तसाच धावत बबनच्या गोठ्यावर गेलो. बबन ब्रश घेऊन उभा. चार खांब ओलेचिंब चमकत होते.

"भाऊ, यंदाचं तुमचं जळकं लय पातळ आलंय. रंगच नाय धरत. दोन-दोन हात मारले!"

"अरे, ते नवीन होतं रे!" मी ओरडलो.

त्याची बायको शेणाची पाटी घेऊन उभी होती. "मी बोलत होते, याला जळका वास नाय. पण आमचं ऐकतो कोण?"

बबनने हातातला ब्रश खाली टाकला. पण त्याचा पहिला प्रश्न काय होता, तर… "मग वैनी खर्डीला कशा जातील?"

ही अंगणात उभी. ठेवणीतलं लुगडं, हातात अक्कासाठी डिंकाच्या लाडवांचा डबा. हिने आधी माझ्याकडे बघितलं, मग आतल्या घड्याळाकडे. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दिनेशला फोन लावला. तो आधी मनसोक्त हसला. मग म्हणाला, "काका, काल संध्याकाळपर्यंत गाडी त्याच ऑइलवर चालली ना? मग तेच गाळून परत टाका. मुरबाडपर्यंत काही होत नाही. मी दुकान लवकर उघडतो."

बबनच्या बायकोने धुतलेलं फडकं आणलं. ते एका बाजूने हिने धरलं, दुसऱ्या बाजूने तिने. बबन डबा वाकवत होता आणि मी नुसता बघत होतो… गळून येणाऱ्या काळ्या धारेकडे.

चावी फिरवली. टक-टक-टक… ऑइलचा लाल दिवा विझेना. मग विझला. बबनने बॉनेटवर थाप मारली, "निघा!"

मुरबाडला दिनेशने या वेळी जुनं अर्धा तासच निथळवलं आणि नवीन ऑइल टाकलं. शहापूर ओलांडून खर्डीला पोचलो तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. अक्का गाडीत बसलेली होती, दार तेवढं उघडं.

दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग अक्काची नजर हिच्या पदराकडे गेली… वीतभर काळा डाग. "हे काय गो लावून आलीस?"

हिने सगळं सांगितलं. नवीन ऑइल गोठ्याला, जळकं गाडीला… आणि हृदयाच्या ऑपरेशनला निघालेली माझी मेव्हणी इतकी हसली, इतकी हसली, की तिचा मुलगा घाबरून म्हणाला, आई, हळू!

ऑपरेशन नीट झालं. बबन, तुझ्या चार खांबांना वाळवी लागली तर पुढच्या वर्षी मी स्वतः येऊन ब्रश मारीन… पण त्या सकाळी तू आधी खांबांचं नाही, हिचं विचारलंस, हे मी विसरणार नाही.