झोपते म्हनून लिवा, गुरुजी

लाइनभाऊ उभ्याउभ्या झोपत. बोलताबोलता त्यांची मान खाली जायची, बिडी जळत बोटापर्यंत यायची, चटका बसला की डोळे उघडायचे आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच ते पुढं चालू करायचे, "...तं मी म्हन्लं, बिघाड तुमच्या घरात नाई, डीपीत आहे." आपण काय विचारलं होतं हे समोरचा विसरून गेलेला असे. लाइनभाऊ विसरत नसत.

हिंगणीच्या पलीकडे जंगलाच्या कडेला आमचं गाव. सत्तरच्या दशकात गावात वीज येऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि आली होती तीही पाहुणीसारखीच. मनात आलं की राहायची, नाहीतर निघून जायची. आमच्यासकट पाच गावांच्या तारा सांभाळायला खात्यानं एकच लाइनमन दिला होता, तो हा. खरं नाव खात्याच्या हजेरीवर असेल, गावानं त्यांना लाइनभाऊच म्हटलं. मी तेव्हा गावच्या शाळेत नवानवा मास्तर लागलो होतो. चार बुकं शिकल्याचा माज अंगात पुरेपूर होता.

वीज गेली की लोक त्यांच्या खोलीपुढं जाऊन कल्ला करायचे. ते शांतपणे पायात चप्पल सरकवत म्हणायचे, "गेली तं येईन ना बापा! तुमची म्हैस हरवली काय?" मग पकड कमरेला लावून सायकलवर निघायचे. या सायकलवरूनही ते दोनदा झोपेत नालीत गेले होते. खांबावर मात्र त्यांना कधी डुलकी आली नाही. मी एकदा खोचकपणे विचारलं, तर म्हणाले, "वर भेव असते गुरुजी. भेवानं डोळा लागत नाई. खाली उतरलो का शरीर ऐकत नाई."

दुपारी ते पंचायतीच्या ओसरीत पडले की घोरणं पार शाळेपर्यंत ऐकू यायचं. आणि मग ते एकदम थांबायचं. श्वासच थांबायचा. पोरं भोवती जमून मोजायची, एक, दोन, तीन... वीसच्या पुढं केव्हातरी लाइनभाऊ बुडता माणूस वर यावा तसा मोठा आचका देत आणि पुन्हा घोरू लागत. पोरं टाळ्या पिटायची. पोरांचं सोडा हो, ती पोरंच. मी मास्तर असून माझ्या मनगटावरचं घड्याळ लावून मोजत होतो. एकदा अर्ध्या मिनिटाच्या वर गेलं तेव्हा "आज रेकॉर्ड!" म्हणून ओरडलोही होतो. आज हे लिहिताना तोंड लपवावंसं वाटतं.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, तेवढी हसत नसे. त्यांच्या बनियनच्या पाठीला तिनं आतून खिसा शिवला होता आणि त्यात आंब्याची वाळकी कोय घातली होती. उताणे झाले की कोय टोचायची आणि ते कुशीवर वळायचे. "उताने झोपले का यायचा दम अडकते," ती सांगायची. गावानं त्याला करणी म्हटलं, मी अडाणीपणा म्हटलं. डॉक्टरी न शिकलेल्या त्या बाईनं जे ओळखलं होतं, ते आम्हा कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही.

मग ते वादळ झालं. मृगाच्या आधी, दिवसाढवळ्या. शेताकडे जाणाऱ्या पांदणीत तार तुटून पडली आणि गावातल्या एका शेतकऱ्याचा बैल तिला चिकटून जागीच गेला. लाइनभाऊ पहाटेपासून दुसऱ्या गावच्या खांबांवर होते, नुकतेच येऊन पडले होते. लोकांनी दार बडवलं. ते उठले, पण अडखळत. डोळे लाल, शब्द तोंडात अडकलेले, भिंतीला धरून उभे. कुणीतरी ओरडलं, "पेऊन आहे साला!" आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. त्यामुळं जंगलात मोहाची कोण काढतं हे सगळ्यांना ठाऊक, आणि दिवसा झोपणारा माणूस पिणाराच, हे त्याहून ठाऊक. मी त्यांच्या सगळ्यांत जवळ होतो. त्यांच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. शिवाय बैल तार पडली त्या क्षणीच गेला होता, लाइनभाऊ टक्क जागे असते तरी वाचला नसता. हे दोन्ही मला कळत होतं.

लाइनभाऊंविरुद्ध खात्याकडे तक्रारीचा अर्ज करायचं ठरलं आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. अर्ज लिहावा तर गुरुजीनं, असा माझा लौकिक होता आणि तो मला फार गोड लागायचा. मी लिहिलं, "सदर इसम कामावर झोपतो." सरपंच म्हणाले, "झोपते म्हन्लं तं साहेब हासन. सरकारी खात्यात झोपत कोन नाई? पेते म्हनून लिवा, तवा हालन." सगळे हसले. मीही हसलो आणि ती ओळ खोडून लिहिलं, "मद्यप्राशन करून कर्तव्यावर असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनभाऊ माझ्या घरी आले. गावात काय लपून राहतं? अर्ज टेबलावर होता, पाकीट अजून चिकटवायचं होतं. ते बसले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, झोपते म्हनून लिवा. नोकरी गेली तं गेली. पन पेते म्हनून नका लिवू. पोरीची सोयरीक जुळून राह्यली. माया बाप पेऊन मेला, म्हनून म्या थेंबाले हात नाई लावला. तुमाले तं माईत आहे." मला माहीत होतं. मी म्हणालो, "हा गावाचा अर्ज आहे, माझा नाही." त्यांनी मान हलवली आणि गेले. मी पाकीट चिकटवलं. फाडून टाकायला किती वेळ लागला असता?

चौकशीला जीपमधून साहेब आले. सगळ्यांचं ऐकून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही शिक्षक आहात. तुम्ही स्वतः यांना प्यालेलं पाहिलंत?" लाइनभाऊ टोपी हातात घेऊन दारात उभे होते आणि त्या दिवशी ते पुरते जागे होते. मी म्हणालो, "हो."

सोयरीक मोडली. आधी निलंबन, मग लांबची बदली. एस.टी.च्या टपावर त्यांची सायकल बांधली गेली, तेव्हा मी शाळेत होतो आणि मुद्दाम बाहेर आलो नाही. पुढं ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास कळलं की ते झोपेतच गेले. "भाग्यवान माणूस, सुखाचं मरण आलं," असं मी चहा पिता पिता म्हणालो होतो. जीभ झडली नाही माझी.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी पेपर वाचतावाचता झोपायला लागलो. पाहुण्यांसमोर, जेवताना, लग्नाच्या मांडवात. बायको एक दिवस म्हणाली, "तुमी तं लाइनभाऊवानी करून राह्यले." दुसऱ्याच दिवशी मी तपासणीला गेलो. वर्ध्याच्या डॉक्टरांनी समजावलं, झोपेत गळा आतून मिटतो, श्वास थांबतो, जीव घाबरून जाग येते, रात्रीतून शेकडो वेळा. अशा माणसाची रात्र जागरणातच जाते, मग तो दिवसा पेंगतो. त्याला लोक आळशी नाहीतर दारुडा समजतात, हे डॉक्टर सहज बोलून गेले. नाकावर लावायचं, नळीतून हवा सोडणारं यंत्र त्यांनी दिलं. त्यानं मी माणसांत आलो. पण ते विजेवर चालतं, आणि वीज आमच्याकडे अजूनही पाहुणीच आहे. भारनियमन सुरू झालं की हवा बंद, मी गुदमरून उठायचो आणि मुखवटा ओढून फेकायचो. मुलानं इन्व्हर्टर बसवून दिला, बॅटरी उतरलीच तर बायको कुशीवर लोटते. माझ्यासाठी इतका सरंजाम. त्यांच्यासाठी एक कोय होती, आणि आम्ही तिलाही हसलो.

शेवटी शोध काढून वहिनीकडे गेलो. पार थकली होती. मी सगळं सांगितलं, आजाराचं, अर्जाचं आणि त्या "हो"चं. ती रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "हे मले काऊन सांगून राह्यले, गुरुजी? मले तं पयलेपासून ठाऊक आहे. ज्यायले नाई ठाऊक, त्यायले सांगा. पोरगी आर्वीले देल्ली. तिथं मागून कोनीतरी सांगतलं. तिचा सासरा आजही तिले बेवड्याची पोरगी म्हन्ते."

आर्वीच्या गाडीत दोनदा बसलो आणि दोनदा अर्ध्या वाटेत उतरलो. तिसऱ्यांदा गेलो. सासरा ओट्यावर खाटेवर बसला होता, नव्वदीला टेकलेला. लाइनभाऊंची मुलगी, आता तिचेही केस पिकलेले, पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. मी हलक्या आवाजात सुरुवात केली, की मी तिच्या वडिलांच्या गावचा मास्तर, ते पीत नव्हते, त्यांना आजार होता, खोटं मी लिहिलं. म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला. त्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं. मी जवळ जाऊन पुन्हा बोललो. "काय म्हन्ता?" तो ओरडला. समोरच्या घरातल्या बाया बाहेर आल्या, रस्त्यानं जाणारे दोघं थांबले. मला वाटलं, एवढं पुरे, निघावं.

मुलीनं तांब्या खाली ठेवला आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"मोठ्यानं बोला, गुरुजी," ती म्हणाली. "अजून मोठ्यानं."