मामांची खुर्ची आणि राजाचं सिंहासन

आमच्या पारनेरला नाटक कंपनी आली तेव्हा प्रेक्षकांनी सर्वांत जास्त टाळ्या माझ्या सासऱ्यांना दिल्या. सासरे नट नव्हते. त्या टाळ्यांची सगळी तयारी मी केली होती, आणि त्या दिवशी मला एकही मिळाली नाही. याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी विसरलेलो नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझं लोखंडी फर्निचरचं दुकान तेव्हा चांगलं चालू लागलं होतं. नाव 'भक्कम फर्निचर'. आधी मी भंगार गोळा करायचो, मग वेल्डिंग शिकलो, मग पाईप वाकवून घडीच्या खुर्च्या करू लागलो. कुणाची मदत घेतली नाही की कुणाचा सल्ला. (सल्ला घेतला असता तर आज हे लिहावं लागलं नसतं.) भाव करण्यात मात्र तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. बाजारात मी दिसलो की मेथीवाली भावच सांगायची नाही. "न्या भाऊ, काय द्यायचं ते द्या," म्हणून तोंड फिरवायची.

असा मी, आणि मला सासरा मिळाला तो शिसवी लाकडाचा. त्यांना मी मामा म्हणत असे. पांढरा फेटा, ताठ पाठ, आणि लोखंडाबद्दल मनात पक्की अढी. लग्नात त्यांनी वडिलोपार्जित शिसवी खुर्ची दिली. पायांना सिंहाचे पंजे, पाठीवर कोरलेला मोर. देताना सगळ्या मांडवासमोर म्हणाले, "जावईबापू, तुमच्या लोखंडी खुर्चीवर आमी बसनार न्हाई. आलो म्हंजी हिच्यावर बसू." मांडव हसला. मीही हसलो, कारण नवरदेवाला मांडवात भांडता येत नाही.

त्यानंतर आठ वर्षं मामा येत, त्या खुर्चीवर बसत, चहा पीत आणि जात. समोर माझ्या दोन घडीच्या खुर्च्या, दरवर्षी नव्या आणलेल्या, भिंतीला टेकून उभ्या असत. त्यांच्याकडे ते बघतसुद्धा नसत. आणि आठ वर्षं मी एकच गोष्ट मनात धरून होतो. हा माणूस एकदा माझ्या खुर्चीवर बसला पाहिजे.

तर कंपनी आली. चार दिवस, चार नाटकं. दोन अगदी नवी आणि दोन जुनी, पण नव्या रूपात. संध्याकाळी टॉकीजमध्ये सिनेमा असायचा, म्हणून नाटकाचा खेळ तिथेच, दुपारी चारचा. या कंपनीची रीत अशी होती की नट आणि पडदे तेवढे आपले, बाकी सामान गावाचं. मॅनेजर गावात शिरला की घरोघर फिरून सोफा, कपाट, आरसा मागायचा आणि त्याबदली पास द्यायचा. डॉक्टरांनी टेबल दिलं. हेडमास्तरांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. (शाळा चार दिवस अंदाजाने सुटली.) फिरत फिरत मॅनेजर आमच्या दारात आला आणि त्याची नजर शिसवी खुर्चीवर पडली.

"सिंहासन," तो पुटपुटला.

ग्राहकाने मनातलं बोलून दाखवलं की संपलाच तो. तो दोन पास म्हणाला, मी चार म्हणालो. तो मागच्या रांगेचे म्हणाला, मी पहिल्या. तो एका नाटकासाठी म्हणाला, तेव्हा मी चढ्या आवाजात सांगितलं की खुर्ची चारही नाटकांत स्टेजवर दिसलीच पाहिजे, नाहीतर उचलायची नाही. माझी वस्तू नेऊन पडद्यामागे धूळ खात ठेवणार असेल, तर ते मला चालणार नव्हतं. हे सगळं मी कागदावर लिहून घेतलं आणि खाली त्याची सही घेतली.

कमल, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होती. तो गेल्यावर म्हणाली, "आबांना विचारलंत?" (मामांना ती आबा म्हणते.)

मी म्हणालो, आबा ज्वारीच्या काढणीत आहेत. ते कशाला येतायत?

पहिल्या दिवशी खुर्चीवर बँकेचा साहेब बसला, दुसऱ्या दिवशी एक आजारी म्हातारी. मी दोन्ही दिवस शेजारपाजारच्या रांगांना सांगत होतो, ती खुर्ची आमची. तिसऱ्या दिवशी बाजार होता आणि सकाळीच मामा आले.

पायताण काढलं, उपरणं झटकलं, सवयीने आपल्या कोपऱ्यात गेले आणि मागे न बघताच बसू लागले. मागे खुर्ची नव्हती. मी उडी मारून भिंतीची लोखंडी खुर्ची उघडली आणि त्यांच्याखाली सरकवली. मामा अर्ध्यावर थांबले. मान न वळवता म्हणाले, "ही न्हाई."

आणि सरळ उभे राहिले.

खुर्ची कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. पालिशला, असं मी सांगितलं. कुणाकडे? नगरला. शिसवाला पालिश कशाला, असं विचारून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नगरच्या त्या कारागिराचं नाव, गल्ली आणि त्याला झालेल्या मुली सांगून टाकल्या. स्वयंपाकघरात कमल झाकणं आपटत होती.

"मंग थांबतो," मामा म्हणाले. "येईस्तोवर उभा ऱ्हातो."

आणि ते खरंच उभे राहिले. सत्तरीचा माणूस भिंतीला पाठ लावून उभ्याने चहा प्याला. उभ्याने पोहे खाल्ले. बाजाराला जाणारे लोक दारातून डोकावून, "मामा, उभे का?" असं विचारत आणि मामा प्रत्येकाला शांतपणे सांगत, "खुर्ची पालिशला गेलीय." दुपारपर्यंत निम्म्या पारनेरला कळलं की मी सासऱ्याला उभा केलाय. तेवढ्यात फळीवरचे पास मामांना दिसले.

"नाटक हाय व्हय? चला. तितं तरी बसाया मिळंल."

मी तिकिटांची गर्दी बघून येतो असं सांगून टॉकीजकडे पळालो. मॅनेजरला म्हणालो, आज खुर्ची स्टेजवर आणायची नाही. त्याने खिशातून माझाच कागद काढला. "अट तुमची आहे, शेठ. चारही नाटकांत."

"कागद फाडा."

"फाडतो. पण राजा बसणार कशावर?"

राजा उभा राहील, असं मी म्हणालो. (आमच्या घरी मामा उभे आहेत, राजाला काय झालं?) तेवढ्यात दिग्दर्शक आला. दाढीवाला, तरुण माणूस. त्या दिवशीचं नाटक जुनं संगीत नाटक होतं, आणि त्याने ते नवं करण्यासाठी त्यातली सगळी गाणी काढून टाकली होती आणि राजाला पँट घातली होती. तो म्हणाला की राजा बसायलाच हवा, नंतर त्याला सिंहासनावरून उतरायचं आहे.

तेव्हा मला ते सुचलं. दुकान समोरच होतं. दाराजवळची घडीची खुर्ची मी उचलून आणली. दिग्दर्शकाने ती उघडली, मिटली, परत उघडली आणि डोळे मिटले. म्हणाला, "हेच. सत्तेचीसुद्धा घडी घालता येते."

मला काही समजलं नाही. पण समोरचा माणूस खूश आहे एवढं समजलं, आणि खूश माणसाला अट घातल्याशिवाय सोडायचा नाही हा माझा नियम. मी म्हणालो, खुर्ची फुकट घ्या, पण पाठीवरची दुकानाच्या नावाची लाल अक्षरं लोकांना दिसली पाहिजेत. मॅनेजर म्हणाला, कसं शक्य आहे, राजा लोकांकडे पाठ करून बसेल का? दिग्दर्शकाने पुन्हा डोळे मिटले.

"राजाची प्रजेकडे पाठ," तो म्हणाला. "वा."

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. आमच्या घडीच्या खुर्चीला सांध्यावर दोन्ही बाजूंना दोन-दोन रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्या, असत. त्या वर्षापासून खर्च वाचवायला मी एक-एकच मारू लागलो होतो. घरात बसणारा माणूस शांत बसतो, असा माझा अंदाज होता. राजाचा मी विचार केला नव्हता.

पडदा उघडला. बाजाराला आलेली सगळी माणसं गाणी ऐकायला बसली होती. समोर स्टेजवर पँट घातलेला राजा पाठमोरा, आणि पाठीच्या पत्र्यावर लाल अक्षरं. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसलेल्या मामांनी ती एकेक शब्द करत मोठ्याने वाचली. "भक्कम. फर्निचर. पारनेर." मग माझ्याकडे वळले.

"जावई, राजा तुमचं गिऱ्हाईक हाय?"

"आहे ना," मी म्हणालो.

मामांनी मान हलवली. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल काहीतरी बरं उमटलं. मी छाती काढून बसलो. अशी दहा मिनिटं आयुष्यात परत आली नाहीत.

अकराव्या मिनिटाला दूताने येऊन सैन्य हरल्याचं सांगितलं, आणि राजाने दुःखाने सगळं अंग मागे टाकलं.

टक् असा आवाज झाला. खुर्ची मिटली आणि राजाही तिच्यात मिटला. वर दोन पाय, खाली दोन हात आणि मधोमध 'भक्कम फर्निचर'. प्रधानाने खुर्ची ओढली, तर राजा बरोबर आला. दुसऱ्या बाजूने सेनापतीने राजाला ओढलं, तर खुर्ची बरोबर आली. लोक आधी गप्प होते, कारण जुनं नाटक नव्या रूपात असंच असेल असं त्यांना वाटलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "राजा भक्कम पडला." त्यानंतर हसण्याने टॉकीजचे पत्रे हलले.

मॅनेजर घाबरला. नाटक वाचवायला त्याने जी हाताला लागली ती दुसरी खुर्ची विंगेतून स्वतः ओढत आणली आणि स्टेजच्या मध्यावर ठेवली. सिंहाचे पंजे. पाठीवर मोर.

मामा उठले. मी त्यांचं उपरणं धरलं, ते माझ्या हातात राहिलं. मामा पायऱ्या चढून स्टेजवर गेले, मोरावरून हात फिरवला, धोतर सावरलं आणि बसले. सकाळपासून याच खुर्चीसाठी उभा राहिलेला माणूस. बसताना त्यांनी जो "हां" केला तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

आणि मग टाळ्या पडल्या. अशा टाळ्या त्या कंपनीला तीन दिवसांत मिळाल्या नव्हत्या. त्या थांबल्यावर मामांनी वरून मला शोधलं आणि सगळ्या पारनेरसमोर सांगितलं, "जावईबापू, पालिश बरं झालंय."

पुन्हा टाळ्या. मामा काही उठले नाहीत. उरलेले दोन अंक राजाने उभ्याने केले, आणि प्रत्येक महत्त्वाचं वाक्य बोलताना तो मामांकडे बघत होता. मामा योग्य वाटलं तिथे मान हलवत होते. खेळ संपल्यावर दिग्दर्शकाने त्यांचे पाय धरले आणि पुढच्या गावी येता का म्हणून विचारलं. ज्वारी उभी आहे, असं मामा म्हणाले.

खुर्ची त्यांच्याबरोबर बैलगाडीतून गेली. चौथ्या दिवशीचा पास मी मेथीवालीला देऊन टाकला. पुढे महिनाभर दुकानात येणारा प्रत्येक माणूस "राजाची नको, दुसरी दाखवा," म्हणायचा. मी प्रत्येकाशी भांडलो. मग दुकान दोन दिवस बंद ठेवून एकेक खुर्ची घेतली आणि सगळ्यांना दुसरी रिव्हेट मारली. विकलेल्या होत्या त्याही घरोघर जाऊन मारून आलो. राजाची खुर्ची सरळ केली आणि घरी आणून ठेवली. ती विकणं शक्यच नव्हतं.

काढणी, मळणी उरकून मामा आले. कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. मी सतरंजी अंथरली.

"सतरंजी नको," ते म्हणाले. "राजा जिच्यावरनं पडला ती आन."

मी आणली. त्यांनी ती उलटी केली, रिव्हेट मोजल्या, हाताने हलवून पाहिली आणि बसले. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. कमल दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

"बसाया बरी हाय," मामा म्हणाले. "आदीच दोन मारल्या असत्या तर?"

आठ वर्षांचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी भिंतीची दुसरी खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर उघडली आणि बरोबरीच्या माणसासारखा ऐसपैस मागे रेलून बसलो.

दुकानातल्या सगळ्या खुर्च्यांना मी दुसरी रिव्हेट मारली होती. घरातल्या खुर्च्यांना मारली नव्हती. घरी गिऱ्हाईक थोडंच बसतं?

टक् झालं. खालून मला मामांचा चेहरा दिसला नाही. पण टाळी ऐकू आली. एकच होती, पण माझी होती.